हाताला कोमट लागलं

४ जानेवारी

मुंगे,

आशीर्वाद लिहायला पेन टेकवलं आणि थांबलो. तुला ते हवेत की नकोत, कळेना. म्हणून सरळ कामाचं लिहितो.

माझा फोन तू उचलत नाहीस, ते ठीक आहे. वरच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंच्या फोनवरून आईशी बोलतेस, हे मला माहीत आहे. बोलतेस म्हणजे तू बोलतेस, आणि ती ‘हो’, ‘नको’, ‘पाणी’ यातलं काहीतरी एक म्हणते. तुमचं चालू असतं तेव्हा मी मुद्दाम खाली बेकरीत जाऊन बसतो.

थंडी फार आहे. खाली भट्टी असूनही खोलीची फरशी सकाळी पायाला बर्फासारखी लागते, असं शिंपीणबाई म्हणतात. आईचा उजवा गुडघा या दिवसांत फार दुखतो. झटका येण्याआधीही तो दुखायचाच, जिना उतरताना ती कठडा धरून एकेक पायरी घ्यायची. आता ती सगळी बाजूच लुळी पडल्यामुळे गुडघा आखडून बसतो. उठवताना ती ओठ गच्च मिटून घेते. मी रोज दुपारी गरम पाण्याच्या पिशवीनं शेकतो. तिला बरं वाटतं.

तू दिवसभर लोकांच्या सांध्यांचंच काम करतेस, म्हणून विचारतो. शेकायचं पाणी नेमकं किती गरम असावं? किती वेळ ठेवावं? आणि शेकल्यावर कातडी लाल झाली, तर ती लाली किती वेळानं जाते?

सहज विचारतोय. काळजीचं काही नाही.

तुझा
बाबा

ता. क. लाली परवापासून आहे. घाई नाही, पण लगेच उत्तर टाकलंस तर बरं.

११ जानेवारी

मुंगे,

तुझं पत्र काल आलं. वर ‘बाबा’ नाही, काही नाही, एकदम ‘रुग्णाच्या नातेवाइकांसाठी’. वाचून हसू आलं आणि मग आलं नाही. तरी तुझं अक्षर बघून बरं वाटलं.

तू लिहिलेलं सगळं मी मोठ्या अक्षरात उतरवून गॅसच्या वरच्या भिंतीवर चिकटवलंय. उकळतं पाणी पिशवीत भरायचं नाही. पिशवी जाड टॉवेलात गुंडाळायची, उघडी लावायची नाही. पंधरा मिनिटं, फार तर वीस. मध्ये मध्ये टॉवेल उचलून कातडी बघायची. मलम चोळलेल्या जागेवर शेक द्यायचा नाही. पिशवी बांधून ठेवायची नाही. शेकता शेकता झोपू द्यायचं नाही. सांधा सुजून लाल आणि गरम झाला असेल तर शेक बंद आणि डॉक्टर. हे सगळं एका दमात उतरवलं. शेवटच्या ओळीखाली तू दोन रेघा मारल्यास. ज्या अंगाला स्पर्श नीट कळत नाही, तिथे घरी शेकायचंच नाही. ती ओळ उतरवायला मला जरा वेळ लागला.

आईच्या उजव्या पायाला काय कळतं आणि काय नाही, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. गुडघा दुखतो म्हणजे पायाला कळतं, असंच मी धरून चाललो होतो.

आता तुझ्या प्रश्नांची उत्तरं. लाली म्हणजे नुसती लाली नव्हती. फोड होता. गुडघ्याच्या आतल्या बाजूला, माझ्या अंगठ्याएवढा. नंतर शेजारी दुसरा आला. दोन्ही आता फुटले आहेत. मलम चोळलं होतं, हो. आमच्याकडचं ते हिरव्या बाटलीतलं झोंबणारं. पिशवी घसरत होती म्हणून वरून तिचा मफलर गुंडाळला होता, पण घट्ट नाही. मी शेजारीच बसलो होतो.

पाणी कुणी तपासलं, असं विचारलंस. मीच. पिशवीवर तळहात ठेवून. कोमट लागलं. इतकं कोमट लागलं की मी किटलीतलं आणखी ओतलं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना दाखवलं आहे. त्यांनी पट्टी बांधून गोळ्या दिल्या. जखमेचा मधला भाग पांढरट दिसतो आणि तिथे हात लावला तरी आई हूं की चूं करत नाही. म्हणजे दुखत नाही. हे चांगलंच ना?

लगेच लिही.

बाबा

१९ जानेवारी

मुंगे,

हे पत्र मोठ्या इस्पितळाच्या बाकावर बसून लिहितोय. मांडीवर पावाचा रिकामा खोका आहे, त्याच्यावर कागद ठेवलाय. अक्षर समजून घे.

तुझा निरोप शिंपीणबाईंकडे आला, तेव्हा त्या हातातलं शिवण तसंच धरून धावत खाली आल्या. ‘अहो, पोरगी म्हणतेय आत्ताच्या आत्ता न्या. पांढरं आणि दुखत नाही म्हणजे चांगलं नसतं म्हणतेय!’ त्या वेळी माझी दुपारची खेप भट्टीत होती. मी ट्रे तसेच सोडले. काकाला ओरडून सांगितलं, जळतील ते जळू दे. हे तुला मुद्दाम सांगतोय. मागच्या वेळी, आईला झटका आला तेव्हा, मी ‘खेप उतरू दे’ म्हणालो होतो. शिंपीणबाईंकडून कळल्यावर तू फोनवर किंचाळत होतीस, आईचं तोंड वाकडं झालंय, जीभ अडखळतेय, आत्ता न्या बाबा, आणि मी ‘एवढ्यानं काय होतंय, पित्त असेल’ म्हणत दोन तास काढले. ते दोन तास तू मला माफ करावेस, असं मी म्हणणार नाही. पण या वेळी मी निघालो, एवढं लिहून ठेवतो.

इथे चष्मेवाल्या डॉक्टरीणबाई आहेत, तुझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी पट्टी सोडली. मधला भाग आता काळा पडला आहे. त्या म्हणाल्या, ‘कातडी पूर्ण खोलीपर्यंत भाजली आहे. ती मेली आहे, म्हणून दुखत नाही.’ मी म्हटलं, पण हिचा गुडघा तर दुखतो, मग भाजलेलं कसं कळलं नाही? त्या म्हणाल्या, ‘आतलं दुखतं म्हणून वरचं कळतंच असं नाही, आजोबा.’

मला कुणी आजोबा म्हणण्याची ही पहिलीच वेळ.

आईला ताप आहे. गुडघा भाकरीसारखा फुगला आहे. डॉक्टरांना भीती आहे ती वेगळीच. जखमेतला पू आत सांध्यात उतरला, तर पाय वाचवणं कठीण जाईल, असं त्या दाराबाहेर हळू आवाजात म्हणाल्या. ‘कठीण’ हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. मी विचारलं नाही, कठीण म्हणजे काय. मला ऐकायचं नव्हतं.

मग त्या म्हणाल्या, ‘पाणी कुणी बघितलं होतं?’ मी हात पुढे केला. त्या माझ्या तळव्याकडे बघत राहिल्या. बेकरीवाल्याचा हात, तुला माहीत आहे कसा असतो. बत्तीस वर्षं गरम ट्रे ओढून तळवा लाकडाच्या फळीसारखा झालाय. त्यांनी बोटाच्या टोकावर काहीतरी लावून बघायला सुरुवात केली, तर मी हात मागे घेतला. म्हटलं, माझं राहू द्या, तिचं बघा.

तुला मागच्या पत्रात एक खोटं लिहिलं होतं. मी शेजारी बसलो नव्हतो. पिशवी बांधली आणि दहा मिनिटांत येतो म्हणून खाली गेलो. भट्टीचं दार अडकलं होतं. काकाच्यानं निघत नव्हतं. वर आलो तेव्हा एक तास होऊन गेला होता. आई जागी होती. छताकडे बघत होती.

आत बोलावतायत.

बाबा

२३ जानेवारी

मुंगे,

आज सकाळी आईला आत नेलं. मेलेली कातडी काढून मांडीवरची पातळ कातडी तिथे लावणार आहेत. दीड-दोन तास लागतील म्हणाले. ती धरली तर जखम भरेल. नाही धरली तर पुढचं पुढे. सांध्यात पू गेलाय की नाही, हे आत उघडल्यावरच समजेल.

इथे बसून तुझ्याशी बोलल्याशिवाय वेळ जात नाही. शिंपीणबाई बरोबर आहेत, पण त्या सारखं ‘सगळं नीट होईल’ म्हणतात. त्यांनी तसं म्हटलं की मला जास्तच भीती वाटते.

काल एक गोष्ट झाली. कपडे घ्यायला घरी गेलो होतो. काका एकटाच खेप काढत होता, म्हणून मी हात लावला. दोन ट्रे काढून फळीवर ठेवले. तिसरा उचलला तर काका ओरडला, ‘दादा, फडकं!’ मी खाली बघितलं. फडकं माझ्या खांद्यावरच होतं. मी उघड्या हातांनी ट्रे धरला होता. आधी वास आला मला, मुंगे. वास आला आणि मग कळलं की तो माझ्या बोटांचा आहे. दुखलं नाही.

काका म्हणाला, ‘हे आजचं नाहीये दादा. गेली दोन वर्षं बघतोय मी. तुझ्या हातातून सुट्टी नाणी पडतात, तुला पत्ता नसतो. चप्पल पायातून निघून जाते आणि तू तसाच चालतोस.’ मी त्याला म्हटलं, मग सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, ‘सांगितलं. तू म्हणालास, एवढ्यानं काय होतंय.’

म्हणजे त्या दुपारी आमच्या खोलीत दोन माणसं होती, आणि पाणी गरम आहे हे एकालाही कळलं नाही. हे वाक्य मी काल रात्रीपासून मनात घोळवत होतो. तुला हेच लिहायचं ठरवलं होतं. त्यात मी थोडा सुटतो, म्हणून.

पण हे खरं नाही. ती आत आहे आणि बाहेर येईल की नाही, कशी येईल, मला माहीत नाही. म्हणून आता लिहून टाकतो.

तिला कळलं होतं. पायाला नाही, हाताला. मी पिशवी गुडघ्यावर ठेवली तेव्हा तिनं डावा हात, तिचा चांगला हात, पुढे करून पिशवीला लावला आणि झटकन मागे घेतला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, ‘नको.’

झटक्यानंतर ती सगळ्यालाच ‘नको’ म्हणते. जेवण आणलं तरी नको, आणि मग जेवते. खिडकी उघडली तरी नको. मला वाटलं, तसंच असेल. तिनं पिशवी बाजूला ढकलली. मी परत ठेवली. तिनं परत ढकलली आणि परत ‘नको’ म्हणाली, या वेळी मोठ्यानं. मला खाली जायची घाई होती. मी मफलर काढला आणि पिशवी बांधली. तिचा डावा हात उचलून पांघरुणात घातला. आणि काय म्हणालो, ते तुला सांगायला नको.

घसरत होती म्हणून बांधली नव्हती.

हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही. काकाला नाही, शिंपीणबाईंनाही नाही. हे पत्र मी आत्ताच, ती बाहेर यायच्या आत टाकायला जातोय. ती नीट बाहेर आली तर माझा धीर होणार नाही.

बाबा

२ फेब्रुवारी

मुंगे,

कातडी धरली. आज पाचव्यांदा पट्टी बदलली आणि डॉक्टरीणबाई पहिल्यांदा हसल्या. सांध्यात पू गेला नव्हता, कडेपर्यंत येऊन थांबला होता. ताप चार दिवसांपूर्वी उतरला. पाय राहिला.

गुडघा पूर्वीइतका वाकणार नाही म्हणतात. मी सगळ्याला मान डोलावली.

मी पत्र टाकलं त्याला दहा दिवस झाले. तुझं काही उत्तर नाही. शिंपीणबाई सांगतात, तुला वीस तारखेनंतर रजा मिळतेय आणि तू येतेस. त्यांना आनंद झालाय. मला काय झालंय ते सांगतो. जिन्यावर कुणाचंही पाऊल वाजलं की मी आतून कडी लावतो. तू मला काय बोलशील, याची भीती नाही. तू आईला विचारशील, आणि ती सांगेल. तिच्याजवळ तीनच शब्द आहेत, पण त्यातला एक पुरेसा आहे.

ये. मी घरी थांबू की काकाकडे जाऊ, ते शिंपीणबाईंजवळ कळव.

बाबा

१ मार्च

मुंगे,

तू गेल्याला तीन दिवस झाले. घरात तुझ्या सामानाचा कसलाच पसारा नाही, तू नेहमीच तशी. फक्त भिंतीवरचा माझा कागद काढून तू तुझ्या हातानं नवा लावलास. तो मी रोज वाचतो. उजवा गुडघा, शेक नाही, कधीच नाही. डावा गुडघा, पंधरा मिनिटं, टॉवेलात, डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशीच. आणि त्याच्याखाली, पाणी आई तपासेल.

काल पहिल्यांदा तसं केलं. गार पाणी आधी, मग किटलीतलं, जसं तू दाखवलंस. पिशवी टॉवेलात गुंडाळून तिच्या डाव्या हाताशी धरली. तिनं बराच वेळ हात ठेवला. मग ‘पाणी’ म्हणाली. मला समजेना, प्यायला हवंय का. तिनं मान हलवून पिशवीवर टिचकी मारली. आणखी गार पाणी घाल, असं म्हणत होती. मी घातलं. परत दाखवलं. परत ‘पाणी’. तीनदा मी मोरीपर्यंत गेलो आणि आलो. चौथ्यांदा तिनं ‘हो’ म्हटलं, तेव्हाच डाव्या गुडघ्यावर ठेवली आणि पंधरा मिनिटं समोर घड्याळाकडे बघत बसलो. खाली काका हाका मारत होता. गेलो नाही.

आता जे लिहायला बसलो ते लिहितो.

तू चार दिवस राहिलीस आणि त्या पत्राबद्दल एक अक्षर बोलली नाहीस. मला वाटलं, ओरडशील. मी मनातल्या मनात उत्तरं जुळवून ठेवली होती. तू आईचे व्यायाम घेतलेस, जखम बघितलीस, माझ्याशी फक्त ‘जेवलात का’, ‘औषध कुठंय’ एवढंच. शेवटच्या सकाळी बॅग भरून झाल्यावर तू एकदम माझ्यासमोर फरशीवर बसलीस आणि म्हणालीस, ‘बाबा, मोजे काढा.’

मी म्हटलं, कशाला?

‘काढा म्हणतेय ना.’

मी काढले. तू म्हणालीस, डोळे मिटा. मिटले. म्हणालीस, कापूस लावते, लागला की सांगा. मी डोळे मिटून बसलो. काहीच कळत नव्हतं. मला वाटलं, तू लावलायस आणि मलाच कळत नाहीये. म्हणून मी म्हटलं, ‘हो, कळतंय.’

डोळे उघडले तर कापूस तुझ्या हातात होता, तुझ्या मांडीवर. तू अजून लावलाच नव्हतास.

तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे बघितलं. तू माझ्या उजव्या पायात मोजा चढवलास, मग डाव्या, टाच नीट ओढून, लहान मुलाला चढवतात तसा. मग बॅग उचलून गेलीस. मी जिन्यापर्यंतसुद्धा आलो नाही.

मुंगे, पायाला काहीच कळत नाही. घोट्याच्या खाली काही नाही. हाताच्या बोटांनाही नाही. किती दिवस, मला सांगता येत नाही. माहीत होतं आणि नव्हतं. भट्टीत राबणाऱ्याचे हात असेच होतात, अशी मी माझी समजूत घालत आलो, आणि पायांकडे बघितलंच नाही.

परवा काकाला बरोबर घेऊन चष्मेवाल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी रक्त तपासलं. साखर किती आली, तो आकडा ऐकताना काकानं खुर्ची धरली. बाई म्हणाल्या, हे पाच-सात वर्षांचं दिसतंय. डाव्या पायाच्या तळव्याला अंगठ्याखाली एक जुना फोड निघाला. भट्टीपुढच्या गरम फरशीवर कधीतरी भाजलं असणार. त्याला आत भोक पडलंय. मी त्यावर उभा राहून आठवडेच्या आठवडे पाव काढले. गेलेला स्पर्श परत येईल का, असं विचारलं. त्या म्हणाल्या, ‘फारसा नाही. आहे तेवढा जपायचा.’ भट्टी बंद करायला सांगितली. म्हणजे भट्टी काका चालवेल, मी फक्त गल्ल्यावर बसायचं. अनवाणी चालायचं नाही. आणि रोज दोन्ही तळवे कुणाकडून तरी बघून घ्यायचे, कारण मला वाकता येत नाही आणि आरशात नीट दिसत नाही.

आता रोज मला अंघोळीच्या पाण्याची भीती वाटते. चहाच्या कपाची वाटते. काकानं बादलीत हात घालून सांगितल्याशिवाय मी पाणी अंगावर घेत नाही. बत्तीस वर्षं ज्या भट्टीसमोर मी उघड्या अंगानं उभा राहिलो, तिच्या दारापासून आता चार हात लांब उभा राहतो.

तळवे आई बघते.

काल संध्याकाळी मी पलंगावर तिच्या शेजारी पाय वर घेऊन बसलो. तिनं डाव्या हातानं माझा तळवा धरला, दिव्याकडे वळवला. बोटांच्या मधली जागा एकेक करून बघितली. फोडावरची पट्टी कशी बसलीय ते बघितलं. फार वेळ लावला. मग ती तशीच थांबून माझ्या तोंडाकडे बघायला लागली, आणि माझ्या लक्षात आलं की ती पायाला काहीतरी करते आहे. नखानं टोचत असावी. जोरात, बहुतेक, कारण तिचा अंगठा पांढरा झाला होता.

मी म्हटलं, ‘नाही कळत गं.’

तिनं नख काढलं. पाय मात्र सोडला नाही.

बाबा